जुनी हेलिओस ४४-२ लेन्स की नवी ५० एमएम?

इंदूरच्या सराफ्यात रात्री कढईतून जिलेबी काढणारा हात टिपायचा असेल, तर ऑटोफोकसवाली नवी ५० एमएम एफ/१.८ घ्या. ५८ एमएम एफ/२ची हेलिओस ही जुनी सोव्हिएत लेन्स, ती हाताने फोकस करेपर्यंत क्षण निसटतो, आणि समोरचा बल्ब फ्रेममध्ये आला की सगळं चित्र फिकट पडतं.

तिथल्याच लालबागच्या झाडांखाली मात्र हेलिओसच! एफ/२ (लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं) ठेवा, माणूस दीड-दोन मीटरवर, झाडं त्याच्या बरीच मागे. पानं भोवऱ्यासारखी फिरलेली दिसतात. हा भोवरा कडांनाच असतो, म्हणून फुल-फ्रेमवर (मोठ्या सेन्सरवर) खुलतो. एपीएस-सीवर (लहान सेन्सरवर) कडाच कापल्या जातात.

माउंट (लेन्स कॅमेऱ्याला बसते ती जोडणी) आधी बघा. हेलिओसच्या एम४२ माउंटचं सेन्सरपासूनचं अंतर ४५.४६ मिमी. कॅनन ईएफचं ४४, तिथे साधी अ‍ॅडॉप्टर रिंग चालते (फुल-फ्रेमवर कॅमेऱ्यातला आरसा लेन्सच्या मागच्या टोकाला घासत नाही ना, तेवढं तपासा). निकॉन एफचं ४६.५, त्यामुळे साध्या रिंगने लांबचा फोकस लागतच नाही. मिररलेस (आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याला ही अडचण नाही.

घेताना मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. तो नग सोडाच. थोडी धूळ चालते. छिद्र लहान-मोठं करणाऱ्या पात्यांवर तेलाचा हलका थर असला तरी घाबरू नका, या लेन्सची पाती रिंगने हातानेच फिरतात.