एल्डन रिंग आणि शॅडो ऑफ द एर्डट्री: अवघड आहेच, पण सगळीकडे सारखं नाही

एल्डन रिंगची फाइट अवघड आहे का असं चार जणांना विचारलं तर चार उत्तरं येतात. एक म्हणतो मार्गिट या सुरुवातीच्या बॉसपाशीच (बॉस म्हणजे मोठा, खास शत्रू) कंटाळून गेम डिलीट केला, दुसरा म्हणतो तो बनवणाऱ्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीचा सगळ्यात सोपा गेम आहे, तिसरा डीएलसीला (मूळ गेमला जोडून नंतर आलेला जादा भाग, शॅडो ऑफ द एर्डट्री) शिव्या घालतो आणि चौथा म्हणतो समन (लढताना बोलावलेले मदतनीस) न वापरता खेळलात तरच खेळलात. चौघंही खरं बोलतायत असं माझं मत आहे, कारण चौघांनी एकच गेम घेतला असला तरी खेळलाय वेगवेगळा. मी मूळ गेम दोनदा पूर्ण केला, एकदा मोठी तलवार घेऊन आणि एकदा जादू घेऊन, आणि डीएलसी तलवारीवर केली. त्या अनुभवावरून सांगते, मूळ गेममध्ये किती त्रास करून घ्यायचा ते बरंचसं आपल्या हातात असतं, डीएलसीमध्ये ते कमी होतं, आणि डीएलसीचा शेवटचा बॉस रिलीजच्या वेळी जसा होता तसा असायला नको होता.

गेम २५ फेब्रुवारी २०२२ ला आला, हिदेताका मियाझाकी डिरेक्टर, आणि त्या वर्षीचा गेम अवॉर्ड्सचा गेम ऑफ द इयर याच गेमला मिळाला. इझी, नॉर्मल, हार्ड असा ऑप्शन नाही. त्यामुळे नवीन माणूस लिमग्रेव्ह या पहिल्या प्रदेशात बाहेर पडतो, समोर सोन्याच्या चिलखतातला घोडेस्वार ट्री सेंटिनल दिसतो, जाऊन भिडतो आणि दोन फटक्यांत आडवा होतो. इथेच बऱ्याच जणांचं मत बनतं की गेम अन्यायी आहे. पण तो घोडेस्वार तिथे ठेवलाय तोच मुळी सोडून पुढे जाता यावं म्हणून! त्याला वळसा घाला, नंतर घोडा मिळाल्यावर या, शस्त्र वाढवून या, किंवा येऊच नका, मुख्य गोष्ट त्याच्यावाचून अडत नाही. याच कंपनीच्या जुन्या डार्क सोल्समध्ये बॉसला अडकलो की बऱ्याचदा तिथेच डोकं आपटत बसावं लागायचं, इथे उजवीकडे जा, खाली वीपिंग पेनिन्सुलाला जा, गुहा कर, खाणीतून शस्त्र वाढवायचे स्मिथिंग स्टोन आण आणि मग परत ये. हा मोकळेपणा हीच या गेमची खरी डिफिकल्टी सेटिंग आहे आणि ती मेनूत दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं ती नाहीच.

आता मार्गिट. स्टॉर्मव्हेल किल्ल्याच्या दारातला हा म्हातारा म्हणजे अख्ख्या गेमच्या फाइटिंगचा नमुना आहे. काठी वर उचलतो आणि तशीच धरून ठेवतो, आपल्याला वाटतं आली आली, आपण रोल करतो (लोळून बाजूला होतो) आणि रोल संपला की मग ती काठी डोक्यात बसते. कबड्डीत रेडर पाय पुढे टाकून हूल देतो आणि डिफेंडर उगाच उडी मारून बसतो, अगदी तसं. हे डिले केलेले अटॅक पुष्कळांना आवडत नाहीत, म्हणतात हे नैसर्गिक नाही, कुठला माणूस काठी इतका वेळ वर धरतो. मला ते पटतं पण तक्रार म्हणून पटत नाही, कारण काठी खाली यायला लागली की ती दिसते, हालचालीत फरक पडतो, आणि तो फरक बघून रोल केला की वाचतो. मी हरले तर का हरले ते मला कळतं. माझ्या लेखी चांगल्या अवघड फाइटची एवढीच अट आहे, दहा वेळा मारा पण कशाने मारलं ते दिसू दे.

ज्यांना मार्गिट जात नाही त्यांच्यासाठी रस्ते भरपूर ठेवलेत. चर्च ऑफ एलेला रेना नावाची बाई रात्री भेटते, तिच्याकडून घंटी मिळते, ती वाजवली की लांडग्यांचे स्पिरिट (यांनाच स्पिरिट अ‍ॅश म्हणतात) येतात आणि बॉसचं लक्ष वाटलं जातं. ही घंटी खूप जण चुकवतात, कारण टॉरंट हा घोडा मिळाल्यानंतर पुन्हा त्या चर्चला कोण जातं (चुकली तर नंतर राउंडटेबल होल्ड या खेळाडूच्या मुक्कामाच्या जागी विकत मिळते). मार्गिटच्या दाराबाहेर रॉजियर नावाच्या पात्राला मदतीला बोलवायची सोनेरी खूण (समन साइन) असते. पॅचेस नावाच्या विक्रेत्याकडे मार्गिटला जखडणारी बेडी विकत मिळते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, व्हिगर (ज्याने हेल्थ वाढते तो गुण) वाढवा! सुरुवातीला सगळे पॉइंट डॅमेजमध्ये घालणारे लोक मग म्हणतात एका फटक्यात मरतो, अरे पण हेल्थच नाही तर मरणारच ना. ४० पर्यंत व्हिगर न्या, शेवटच्या भागात जाताना ६० च्या आसपास, आणि अंगावरचं वजन ७० टक्क्यांच्या आत ठेवा नाहीतर रोल करताना पोत्यासारखं आपटायला होतं. एवढं केलं की अर्ध्या बॉसची धार कमी होते, रिफ्लेक्स आहेत तेवढेच राहिले तरी.

यावरूनच तो जुना वाद सुरू होतो, समन वापरलं म्हणजे खेळलाच नाहीस वगैरे. मला हे बोलणं मनापासून चीड आणतं. स्पिरिट अ‍ॅश गेमनेच दिलीये, तिला लेव्हल करायला ग्लोव्हवर्ट नावाची वेगळी फुलं ठेवलीत, तिच्यासाठी रोडेरिका या पात्राची अख्खी गोष्ट लिहिलीये, मग ती फसवणूक कशी? दुसरा खेळाडू बोलावला की बॉसची हेल्थ वाढते, स्पिरिट बोलावलं तर वाढत नाही, म्हणजे बनवणाऱ्यांनी विचार करून ही सवलत दिलीये. एखाद्याला ऑफिसवरून आल्यावर रात्री तासभर मिळतो, एखाद्याची बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत, त्यांनी हा सुंदर गेम बघायचाच नाही का.

पण याची दुसरी बाजूही आहे आणि तीही खरी आहे. काही गोष्टींनी गेम इतका सोपा होतो की बॉस काय करतो हे बघायलाही मिळत नाही. मिमिक टिअर ही स्पिरिट अ‍ॅश म्हणजे आपलीच नक्कल, आपलीच शस्त्रं घेऊन लढते, मार्च २०२२ च्या पॅचमध्ये (गेमच्या अपडेटमध्ये) तिचं डॅमेज कमी केलं तरी ती दणदणीतच आहे. कॉमेट अझूर हा मंत्र घेतला आणि फिझिक या प्यायच्या औषधात सेरुलियन हिडन टिअर टाकलं की थोडा वेळ जादूला एफपी (जादूची शक्ती) लागतच नाही, नुसता निळा झोत सोडायचा आणि बॉस वितळतो. दुसऱ्या वेळी जादू घेऊन खेळताना मी हे एकदोन बॉसवर केलं आणि मग बंद केलं, बॉसचं म्युझिक नीट सुरू होईपर्यंत तो गेलेला असायचा. समन न करता, हातात एक तलवार घेऊन जाणाऱ्याला आणि अशा जादूगाराला एकच बॉस दिलाय, त्यामुळे मधला तोल कुठेच नीट साधत नाही. एकट्याने गेलं की बॉस थांबतच नाही, मारायला जागा मिळत नाही, आणि मिमिक घेऊन गेलं की तो बिचारा इकडे वळू की तिकडे करत मरतो. मूळ गेमबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे.

माउंटनटॉप्स ऑफ द जायंट्स या शेवटाकडच्या प्रदेशापासून डॅमेज एकदम उडी मारतं, तिथे गेम थोडा आळशी झालाय असं वाटतं, तेच शत्रू फक्त जास्त जोरात मारतात. गॉडस्किन ड्युओ ही दोन बॉसची जोडी तर मला आवडलीच नाही, दोघांची हेल्थ एक, एक मेला की परत उठतो, कॅमेरा एकावर लॉक आणि दुसरा मागून आग टाकतोय (स्लीप पॉट फेका, दोघंही झोपतात, सुटका होते). मलेनिया या बॉसबद्दल मात्र मी तासभर भांडायला तयार आहे. तिचा प्रत्येक फटका लागला की तिची हेल्थ वाढते, ढालीवर घेतला तरी वाढते, म्हणजे ढाल घेऊन खेळणाऱ्याला गेमने शिक्षाच दिलीये. आणि तो वॉटरफाउल डान्स! हवेत उचलली जाते, क्षणभर थांबते आणि मग वार सुरू. जवळ असताना सुरू झाला तर नुसत्या बघण्यातून याचं उत्तर सापडत नाही, कोणीतरी सांगावं लागतं किंवा व्हिडिओ बघावा लागतो. दूर असलात तर पळा, जवळ असलात तर फ्रीझिंग पॉट मारून तिला खाली पाडा. बाकीची फाइट इतकी देखणी आहे, प्रत्येक वार वाचता येतो, की हा एक अटॅक जास्तच खुपतो. ती ऑप्शनल आहे म्हणून चालून जातं. शेवटचा एल्डन बीस्ट अवघड नाही, कंटाळवाणा आहे, सारखा पळतो. तिथे घोडा बोलवायची सोय डीएलसीच्या वेळच्या पॅचमध्ये दिली, दोन वर्षांनी का होईना!

डीएलसी, शॅडो ऑफ द एर्डट्री, २१ जून २०२४ ला आली. आत जायलाच मूळ गेममधल्या राडान आणि मोग या दोन बॉसना मारलेलं असावं लागतं, म्हणजे येणारा प्रत्येक जण तयार गडी. तरी पहिल्याच आठवड्यात ओरड झाली, समीक्षकांनी डोक्यावर घेतलेल्या डीएलसीचे स्टीम या पीसी गेमच्या दुकानावरचे खेळाडूंचे रिव्ह्यू 'मिक्स्ड'वर आले. त्यात पीसीवर फ्रेम अडकण्याचा राग होता, पण मुख्य राग अवघडपणाचाच. कारण असं की आपली दीडशेची लेव्हल इथे पुरत नाही. स्कॅडुट्री फ्रॅगमेंट शोधायचे, ग्रेसवर (विश्रांतीच्या जागी) बसून आशीर्वाद वाढवायचा, २० पर्यंत, तरच डॅमेज वाढतं आणि मार कमी बसतो. एकूण ५० तुकडे, काही क्रॉसपाशी, काही चर्चमध्ये, काही चक्क पाणघोड्यासारख्या प्राण्याला मारून. कल्पना चांगली आहे, फिरा आणि ताकदवान व्हा. पण मूळ गेममध्ये फिरण्याचं फळ शंभर प्रकारे मिळायचं, इथे एकच वस्तू आणि ती चुकली की बॉस दोन फटक्यांत संपवतो. ज्यांनी सरळ रस्त्याने किल्ले गाठले त्यांची वाट लागली. प्रकाशक बांदाई नामकोला लोकांना आठवण करून द्यावी लागली की बाबांनो आशीर्वाद वाढवा, आणि आठवड्याभरात पॅच आला, त्यात सुरुवातीच्या लेव्हलना जास्त फायदा दिला. तो पॅच योग्य होता. आज घेणाऱ्याला डीएलसी जूनमधल्यापेक्षा नक्की सुसह्य लागेल.

बॉसमध्ये मेसमर हा माझ्या मते फ्रॉमच्या सगळ्या गेममधल्या सर्वोत्तम बॉसपैकी एक. वेगवान आहे, निर्दयी आहे, पण भाला कुठून येतोय ते दिसतं, मधे जागा मिळते, हरल्यावर लगेच परत जावंसं वाटतं. रेलाना पण तशीच. डान्सिंग लायनला मात्र कॅमेरा पुरत नाही, तो एवढा मोठा आणि एवढा अंगाशी की स्क्रीनवर नुसते केस दिसतात, लॉक-ऑन (शत्रूवर कॅमेरा खिळवणं) काढून खेळलं की जरा कळतं.

आणि मग तो शेवटचा, प्रॉमिस्ड कॉन्सॉर्ट राडान, म्हणजे तोच राडान परत आलेला. पहिल्या फेजमधलं त्याचं दोन तलवारींचं कॉम्बो रोलने पूर्ण चुकवणं जवळपास अशक्य होतं. दुसऱ्या फेजमध्ये मिकेला हे पात्र त्याच्या खांद्यावर बसतं आणि प्रत्येक वारामागे उजेडाचे खांब, स्क्रीन पांढरीफटक, हात कुठे तलवार कुठे काही दिसत नाही. लोकांनी मग काय केलं, फिंगरप्रिंट शील्ड उचलली आणि ढालीमागून अँटस्पर रेपियरने टोचत बसले. मीही शेवटी तेच केलं आणि जिंकल्याचा काडीचा आनंद झाला नाही, चाळीस पन्नास तास जी तलवार शिकले ती बाजूला ठेवून जिंकायला लागलं याचं वाईट वाटलं. सप्टेंबर २०२४ मध्ये पॅच आला, काही अटॅकच्या हालचाली बदलल्या, तलवारीव्यतिरिक्तच्या अटॅकचा पल्ला आणि काहींचं डॅमेज कमी केलं, आणि काही इफेक्ट नीट दिसतील असे केले. नर्फ (कमकुवत) केला म्हणून कित्येकांनी आरडाओरडा केला. मी पॅचनंतर परत जाऊन मोठ्या तलवारीने लढले, तो अजूनही भयंकर अवघड आहे, पण आता ते कॉम्बो वाचता येतं आणि मेल्यावर चूक कुठे झाली ते समजतं. त्याला आधीपासून असाच ठेवायला हवा होता.

इझी मोड द्यावा का, तर द्यावा. लाइज ऑफ पी या दुसऱ्या कंपनीच्या, याच धाटणीच्या गेमने जून २०२५ मध्ये डिफिकल्टीचे ऑप्शन आणले, ज्यांना मूळ कडकपणा हवा होता त्यांचा गेम जसा होता तसाच राहिला. एल्डन रिंगमध्ये ते नाही येणार बहुतेक, पण निदान पॉज बटण तरी द्या, ऑफलाइन खेळतानाही सरळ एका बटणाने पॉज होत नाही हे मला अजिबात पटत नाही. बॉसच्या मधे दाराची बेल वाजली की गेलो.

विकत घेणाऱ्यांसाठी. मूळ गेम कोणीही घ्यावा, अ‍ॅक्शन गेमची सवय नसली तरी, फक्त पहिले दहा तास मुख्य रस्ता सोडून फिरा. डीएलसी घ्या, पण आत गेल्यावर आशीर्वाद पाच सहा झाल्याशिवाय रेलानाच्या किल्ल्यात शिरू नका, आधी ग्रेव्हसाइट प्लेन पालथं घाला. एल्डन रिंगच्याच जगातला वेगळा गेम नाइटरेन (मे २०२५) तीन जणांची टीम धरून बनवलाय, एकट्याने सुरुवातीला फार जड जायचा, नंतर सोलो खेळणाऱ्याला दर रात्रीच्या फाइटला एकदा आपोआप उठायची सोय दिली, तरी दोन मित्र असतील तरच घ्या.