रिक्वायर-जेएस: जेक्वेरी यूआयची विजेट्स मागवणारा लोडर, मोंढ्यातल्या इंटरनेटवर

जेक्वेरी यूआयवर (टॅब, कॅलेंडर असे तयार भाग, म्हणजे विजेट्स, देणाऱ्या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर) उभं असलेलं जुनं वेब अॅप अजून काही वर्षं चालवायचं असेल, तर रिक्वायर-जेएस आजही घेण्यासारखा लोडर, म्हणजे पानाला लागणाऱ्या जावास्क्रिप्ट फाईली मागवून आणणारं साधन, आहे. फक्त तो वेगासाठी घेऊ नका. असिंक्रोनस (पान न अडवता फाईली आणणारा) म्हटलं की पान झटकन उघडेल असं वाटतं, आणि नेमकी तिथंच निराशा होते. त्याचा खरा उपयोग वेगळा आहे. कुठल्या फाईलला कुठली फाईल लागते हे त्या फाईलमध्येच लिहिलेलं असतं, त्यामुळे पानाच्या तळाशी पंधरा-वीस स्क्रिप्ट टॅग क्रमाने लावत बसावं लागत नाही.

पारखायला आडतीच्या हिशेबाचं पान घेऊ. लातूर, परभणी, जालना, मोंढा कुठलाही असो, मागणी साधारण सारखीच असते. वर तीन टॅब: आवक, पट्टी, उचल. पट्टीच्या फॉर्मात तारीख, शेतकऱ्याचं नाव, कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई. नावाची दोन अक्षरं टाकली की गावासह यादी खाली उघडायला हवी. म्हणजे जेक्वेरी यूआयची तीन विजेट्स लागतात: टॅब्ज, ऑटोकम्प्लीट आणि डेटपिकर. दुकानातला संगणक बहुतेक वेळा कुणाच्या तरी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालतो, हे धरूनच सगळं ठरवायचं.

रिक्वायर-जेएसची आवृत्ती २.३.७ घ्या. ती २०२४ मध्ये आली आणि आधीच्या २.३.६ मधली प्रोटोटाइप पोल्यूशनची (बाहेरच्याला जावास्क्रिप्ट ऑब्जेक्ट्सचा मूळ साचा बिघडवू देणारी) सुरक्षा-त्रुटी तिच्यात बंद झाली. फाईल मिनिफाय (मोकळ्या जागा वगैरे काढून लहान) केल्यावर २० केबीच्या आत बसते, परवाना एमआयटी, पैसे काही नाहीत. जेक्वेरी यूआय किमान १.१२ असावं. लोडरला समजेल अशी मांडणी २०१४ मधल्या १.११ पासून आली, पण २०१६ च्या १.१२ मध्ये सगळी विजेट्स 'विजेट्स' नावाच्या उपफोल्डरमध्ये गेली. इंटरनेटवरची बरीच उत्तरं अजून १.११ चा पत्ता देतात. ती तशीच उतरवली की ४०४ (फाईल सापडली नाही) ठरलेला.

पत्त्यांमध्ये सर्वात जास्त माणसं अडकतात. लोडरच्या कॉन्फिगमधल्या 'पाथ्स'मध्ये, म्हणजे नावं आणि पत्त्यांच्या यादीत, जेक्वेरी यूआयच्या 'यूआय' फोल्डरला एकच टोपणनाव द्यावं, समजा 'जेक्वेरी-यूआय', आणि विजेट मागताना टोपणनाव, विजेट्स, डेटपिकर असा पूर्ण मार्ग लिहावा. पुष्कळ जण सोय म्हणून डेटपिकरच्या फाईलला थेट 'डेटपिकर' असं सुटं नाव देतात. फाईल उतरते, पण लगेच 'व्हर्जन' आणि 'कीकोड' सापडत नाहीत. डेटपिकर त्या दोन फाईली 'एक फोल्डर वर' अशा सापेक्ष पत्त्याने मागतो, आणि रिक्वायर-जेएस तो पत्ता मॉड्यूलच्या (लोडरने आणलेल्या फाईलच्या) नावावरून काढतो, फाईल डिस्कवर कुठं आहे त्यावरून नाही. सुट्या नावाला वरचा फोल्डरच नसतो, म्हणून शोध बेसयूआरएलच्या (पत्ते जिथून मोजले जातात त्या मूळ फोल्डरच्या) बाहेर जातो. नावाच्या शेवटी फाईलचं एक्स्टेन्शन लावलं तर बेसयूआरएल आणि पाथ्स दोन्ही वगळले जातात, तेही टाळा.

जेक्वेरीचं, म्हणजे जेक्वेरी यूआय जिच्यावर उभी आहे त्या लायब्ररीचं, नाव मात्र तुमच्या हातात नाही. १.७ पासून ती स्वतःची नोंद लहान लिपीतल्या 'जेक्वेरी' याच नावाने करते. पाथ्समध्ये दुसरं नाव दिलं तर फाईल येते आणि मॉड्यूल अनडिफाइन्ड, म्हणजे रिकामं, मिळतं. याहून छळणारी चूक म्हणजे पानावर दोन जेक्वेरी असणं: एक जुन्या स्क्रिप्ट टॅगमधून, दुसरी लोडरमधून. विजेट एकीला चिकटतं, तुमचा कोड दुसरीला विचारतो, आणि ब्राउझरचा कन्सोल (चुका दाखवणारी खिडकी) म्हणतो की ऑटोकम्प्लीट हे फंक्शनच नाही. जुना टॅग काढून टाकला की प्रश्न मिटतो.

आता मंद नेटचं. 'वेटसेकंद्स' ही सेटिंग मुळात ७ सेकंदांवर असते. तेवढ्या वेळात फाईली आल्या नाहीत की लोड टाइमआउटची एरर येते आणि तुमचं कॉलबॅक (फाईली आल्यावर चालायचं फंक्शन) चालतच नाही. पान वरून ठीक दिसतं. नावाचं खोकंही दिसतं, फक्त त्याची यादी उघडत नाही. मुनीम नाव हाताने टाकून पुढं जातो, आणि संध्याकाळी एकाच शेतकऱ्याची दोन खाती तयार झालेली असतात, एक 'वाघमारे' आणि एक 'वाघमरे'. म्हणून ही मर्यादा ६० करावी. शून्य केली तर टाइमआउट पूर्ण बंद होतो. फाईल सापडलीच नाही तर एरर तरीही येते, पण अर्धवट लटकलेलं कनेक्शन तसंच लटकत राहतं. शिवाय रिक्वायरला तिसरं आर्ग्युमेंट म्हणून एररचं कॉलबॅक द्या, त्यात 'यादी आली नाही, पुन्हा प्रयत्न करा' असं बटण दाखवा, आणि बटण दाबल्यावर एररमध्ये सांगितलेली मॉड्यूल्स आधी अनडेफ करून (लोडरच्या नोंदीतून काढून) मग पुन्हा मागा.

पण मुळात इतक्या फाईली सुट्या पाठवायच्याच कशाला? एकट्या ऑटोकम्प्लीटची साखळी बघा. आधी लोडर येतो, मग तुमची मेन फाईल, मग ऑटोकम्प्लीट. ते आल्यावर कळतं की मेनू हवा, आणि मेनू आल्यावर कळतं की युनिक-आयडी हवी. प्रत्येक पायरीला सर्व्हरकडे एक नवी फेरी. आमच्या उदाहरणातली तिन्ही विजेट्स १.१३ मध्ये जेक्वेरी धरून अकरा फाईली मागतात. ऑफिसातल्या वायफायवर हे जाणवत नाही, हॉटस्पॉटवर चांगलंच जाणवतं.

यावर उतारा याच प्रकल्पाचा ऑप्टिमायझर, आर-जेएस. तो नोडवर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनावर) चालतो आणि डिपेंडन्सी, म्हणजे लागणाऱ्या फाईली, शोधून सगळं एका फाईलमध्ये बांधतो. त्याशिवाय हा लोडर गिऱ्हाइकाच्या हाती देऊच नये. बांधताना दोन गोष्टी सांभाळा. फंक्शनच्या आत केलेलं रिक्वायर तो आपणहून बांधत नाही. दुसरं, जेक्वेरी बाहेरच्या सीडीएनवर (फाईली पुरवणाऱ्या सर्व्हरवर) ठेवून 'शिम' (लोडरसाठी न लिहिलेल्या फाईलींची सेटिंग) लावलेलं जुनं प्लगइन गठ्ठ्यात टाकू नका. प्लगइन गठ्ठा उघडताच चालतं, जेक्वेरी तेव्हा वाटेत असते.

पहिल्या गोष्टीचा फायदाही घेता येतो. डेटपिकर सुरुवातीला आणायची गरज नाही. तारखेच्या खोक्यात कर्सर आला की तेव्हा मागवा, ऑप्टिमायझरमध्ये त्याचा वेगळा गठ्ठा करा आणि त्यातून मेन वगळा. मागवल्यावर नुसतं विजेट लावून भागत नाही. कर्सर आधीच आत असल्यामुळे कॅलेंडर आपोआप उघडत नाही, 'शो' स्वतः बोलवावं लागतं. तारखेच्या साच्यात वर्षासाठी दोनदा वाय लिहिला की चार आकडी वर्ष मिळतं. चारदा लिहिणाऱ्यांच्या पट्टीवर २०२४२०२४ छापून येतं.

सीएसएस (पानाचं रूप ठरवणाऱ्या फाईली) हा लोडर स्वतः आणत नाही, तक्रार करण्यासारखी ही एवढीच उणीव. थीमच्या फाईली नेहमीच्या लिंक टॅगने वर लावा, नाहीतर टॅब म्हणजे साधी ठिपक्यांची यादी दिसते. ब्राउझरच्या कॅशसाठी (साठवलेल्या प्रतींसाठी) यूआरएल-आर्ग्ज, म्हणजे फाईलच्या पत्त्याला शेवटी जोडायचा मजकूर, वापरत असाल तर त्यात आवृत्तीचा आकडा ठेवा. चालू वेळ टाकली तर प्रत्येक वेळी सगळं नव्याने उतरतं आणि दुकानदाराचा मोबाईल डेटा खर्च होतो.

हे कौशल्य वाया जात नाही. मूडल (ऑनलाइन शिक्षणाचं सॉफ्टवेअर) आणि मॅजेंटो २ (ऑनलाइन दुकानाचं सॉफ्टवेअर) या दोन्हींमध्ये हाच लोडर आहे. मॅजेंटोमधली विजेट्स तर जेक्वेरी यूआयच्याच विजेट-कारखान्यावर (विजेट बनवण्याच्या ठरलेल्या साच्यावर) बनतात. तिथं 'मिसमॅच्ड अनॉनिमस डिफाइन' ही एरर दिसली, तर कुणीतरी लोडरसाठी लिहिलेली फाईल थेट स्क्रिप्ट टॅगने लावली आहे असं समजा.

कोरं काम हाती घेत असाल तर ब्राउझरची स्वतःची मॉड्यूल्स वापरा. इम्पोर्ट मॅप (मॉड्यूलचं नाव आणि पत्ता जुळवणारी यादी) २०२३ पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरमध्ये चालतात. पण त्याच कामात जेक्वेरी यूआय राहणार असेल तर आधी विचार करा. तिच्या फाईली ब्राउझरच्या इम्पोर्टसाठी लिहिलेल्या नाहीत. जेक्वेरी ग्लोबल (सगळ्या फाईलींना दिसेल अशी) ठेवून विजेट, मेनू, पोझिशन अशा सगळ्या फाईली तुम्हाला हाताने क्रमाने लावाव्या लागतात, आणि तो क्रम लावून देणं हेच तर रिक्वायर-जेएसचं काम आहे.