तपकीर गल्लीतला साडेसातशेचा लॉजिक ॲनालायझर

लॉजिक ॲनालायझर म्हणजे सर्किटच्या पिनांवर कधी एक आणि कधी शून्य आहे, ते वेळेसकट टिपणारी डबी. माझ्या डबीवर कंपनीचं नाव नाही. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, काळी. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला पिना. स्टिकरवर एवढंच: २४ मेगाहर्ट्झ, ८ चॅनेल. पिंपरीहून मेट्रोने मंडईला उतरलो, चालत बुधवार पेठेत गेलो आणि तपकीर गल्लीतल्या एका दुकानातून साडेसातशेला घेतली. "चालेल ना?" विचारलं, तर दुकानदार म्हणाले, "डबी चालेल. तुमचं सर्किट चालतं का ते बघा."

आमच्या बोर्डावर घरचीच छोटी कर्नल आहे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, रिस्क-फाइव्ह जातीच्या प्रोसेसरवर. इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम थांबवायला लावणारी हाक, आली की हा प्रोसेसर स्वतः फारसं काही करत नाही. कुठे होतो तो पत्ता एका रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या खणात) टिपतो, कारण दुसऱ्यात लिहितो आणि ठरलेल्या जागी उडी मारतो. चालू कामाची ३१ रजिस्टरं मेमरीत, स्टॅकवर, ठेवायची हमाली आपली. आमच्याकडे ही हमाली तीन ठिकाणी होती: टायमरसाठी एक असेंब्ली (थेट प्रोसेसरच्या भाषेतला कोड), बाहेरच्या इंटरप्टसाठी दुसरी, सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे मागितलेलं काम) आणि फॉल्टसाठी तिसरी. एकाच तुकड्याच्या तीन नकला, आणि प्रत्येकीत वेगवेगळ्या वर्षांच्या दुरुस्त्या.

मला हे एकत्र करायचं होतं. असेंब्लीत फक्त रजिस्टरं ठेवणं आणि परत भरणं. कारण बघून वाटप करणं, आत येतानाचा हिशेब, बाहेर पडतानाची तपासणी हे सगळं सी भाषेमध्ये, एकाच फंक्शनातून. लिनक्सने हेच केलंय. लिनक्स कर्नलचे डेव्हलपर थॉमस ग्लाइक्सनर आणि मंडळींनी एक्स८६ प्रोसेसरची एंट्री, म्हणजे कर्नलमध्ये शिरतानाचा कोड, असेंब्लीतून बरीचशी सी मध्ये आणली, ती ऑगस्ट २०२०च्या ५.८ आवृत्तीत आली. ५.९ मध्ये त्यातला सामायिक भाग वेगळा निघाला, आणि २०२३च्या ६.४ मध्ये रिस्क-फाइव्हही त्यावर आलं.

मूळ असेंब्ली लिहिणारे आमच्याच टीममध्ये आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. काका म्हणाले, "लिनक्सकडे माणसं आहेत. आपल्याकडे तू आहेस." शिवाय त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक इंटरप्टच्या वाटेत सी ची फंक्शनं घातली तर वेळ वाढणारच. किती, ते मोजल्याशिवाय हात लावायचा नाही. ऑफिसचा ऑसिलोस्कोप हार्डवेअरवाल्यांच्या टेबलावरून हलत नाही, म्हणून ही डबी.

जोडणी सोपी. पहिल्या चॅनेलवर इंटरप्ट देणारी पिन, दुसऱ्यावर हँडलर (इंटरप्टला उत्तर देणारं फंक्शन) सुरू होताच वर जाणारी पिन, तिसऱ्यावर त्या इंटरप्टने जागा होणारा थ्रेड (कर्नल आळीपाळीने चालवते त्या कामांपैकी एक) जी पिन हलवतो ती. लॅपटॉपवर पल्सव्ह्यू, म्हणजे प्रत्येक चॅनेलची रेघ दाखवणारं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे आणि डबी लगेच ओळखतं. लिनक्सवर यूएसबीच्या परवानगीचा एक नियम टाकावा लागतो, तेवढंच. २४ मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला २.४ कोटी नमुने (वाचनं), म्हणून दोन नमुन्यांत साधारण ४२ नॅनोसेकंद, आमच्या कामाला भरपूर.

आधी जुना कोड मोजला, बोर्ड रिकामा असताना. सगळं छान. मग सहज म्हणून मागे एक नुसता फिरत राहणारा थ्रेड सोडला, आणि तिसरी रेघ भरकटली. हँडलर वेळेवर, पण जागा झालेला थ्रेड कधी १ मिलिसेकंदाने, कधी ७, कधी जवळजवळ १०. दहाच्या वर मात्र कधीच नाही. आमचा टायमर सेकंदाला १०० वेळा टिकटिकतो, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी. तिथेच ट्यूब पेटली. बाहेरच्या इंटरप्टच्या असेंब्लीत परतताना "दुसऱ्या कुणाला सीपीयू द्यायचाय का?" हा प्रश्नच विचारला जात नव्हता. टायमरच्या आणि सिस्टिम कॉलच्या वाटेवर तपासणी होती, या नकलेत कुणी घातलीच नव्हती. जागा झालेला थ्रेड बिचारा पुढच्या टिकपर्यंत ताटकळत बसायचा. बोर्ड रिकामा असला की रिकामटेकडा लूप स्वतःच तपासतो, म्हणून इतकी वर्षं टेबलावरच्या चाचण्यांत हे कधी दिसलं नाही.

नव्या रचनेत बाहेर पडायचा रस्ता एकच, त्यामुळे तपासणीही एकदाच. भटकणारी रेघ जागेवर आली. हँडलरपर्यंतचा वेळ मात्र खरंच वाढला: सहा नमुने, म्हणजे पाव मायक्रोसेकंद. काकांचं म्हणणं चूक नव्हतं. त्यांनी पडद्यावर ते सहा नमुने स्वतः मोजले, मग ती १० मिलिसेकंदांची जुनी रेघ पाहिली, आणि म्हणाले, "तपासणी घातली नव्हती ती मीच." चहा त्यांनी पाजला.

आता डबीबद्दल तक्रारी. हिला स्वतःची मेमरी नाही, सगळे नमुने जसेच्या तसे यूएसबीने लॅपटॉपकडे जातात. पूर्ण वेगाने सेकंदाला २४ मेगाबाइट. हबमध्ये लावून शेजारी वेबकॅम ठेवलात तर रेकॉर्डिंग मध्येच थांबतं. थेट लॅपटॉपला लावा. ट्रिगरही (ठरावीक बदल दिसताच रेकॉर्डिंग सुरू करणं) सॉफ्टवेअरमधूनच चालतो. ३.३ व्होल्टच्या पिना बिनचूक वाचते, पण आमच्या बोर्डावर १.८ व्होल्टच्या काही पिना आहेत, त्यांच्यावर कधी एक दाखवते कधी शून्य. अर्धा दिवस मी स्वतःच्या ड्रायव्हरवर संशय घेत होतो. आणि ग्राउंडची वायर विसरलात तर पडद्यावर जे दिसेल त्यावर विश्वास ठेवू नका.

सोबतच्या वायरी भिकार आहेत. सहा महिन्यांत दोन तुटल्या, एक सैल झाली. पाचातला एक तारा त्यासाठी कापला. त्याच गल्लीत हुकच्या क्लिपा सुट्या मिळतात, डबी घेतानाच दहा घेऊन ठेवा. काकांनी स्वतःसाठी एक डबी माझ्याकडून मागवलीय, क्लिपांसकट.