आडत दुकानात दहा महिने एसक्यूलाईट : वापरानंतरचा अनुभव

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात लातूरच्या मोंढ्यात तुरीने दहा हजारांचा टप्पा ओलांडला आणि त्याच दिवशी माझ्या मोठ्या भावाच्या आडत दुकानातील पडद्यावर दिवसाचा कमाल दर ९,९०० रुपये असा झळकला. औशाकडून माल घेऊन आलेले एक वयस्कर शेतकरी हातातील हिशोबपट्टी पडद्याशेजारी धरून म्हणाले, "मुनीमजी, माझ्याच पट्टीवर दहा हजार दीडशे लिवलंय, मंग जास्तीत जास्त भाव नऊ हजार नऊशे कसा काय?" मुनीमजींकडे उत्तर नव्हते आणि तो कार्यक्रम लिहिणाऱ्या माझ्याकडेही त्या क्षणी नव्हते. हा अनुभव लिहिण्याची गरज तेव्हापासून मनात होती. आता दहा महिने पूर्ण झाले असल्याने तो पहिल्या उत्साहात किंवा पहिल्या रागात लिहिल्यासारखा होणार नाही, असे वाटते.

एसक्यूलाईट ही सगळ्या नोंदी एकाच फाईलमध्ये ठेवणारी डेटाबेस प्रणाली आहे. रिचर्ड हिप यांनी २००० साली पहिली आवृत्ती काढली, ती सार्वजनिक मालकीची आहे, आणि ज्याच्या खिशात स्मार्टफोन आहे तो ती नकळत वापरतोच. आम्ही तिच्याकडे वळलो ते मात्र केवळ खर्चामुळे. दुकानात आधी जे तयार सॉफ्टवेअर होते, त्याचे पुरवठादार दर वर्षी नूतनीकरणाची रक्कम वाढवत होते, आणि ती न भरल्यास जुन्या पट्ट्याही उघडत नव्हत्या. आपलाच हिशोब पाहण्यासाठी दुसऱ्याला पैसे मोजायचे, हे दादांना पटले नाही आणि मलाही नाही. दसऱ्याच्या मुहूर्तावर सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला, विंडोजच्या संगणकावर चालणारा विनफॉर्म्सचा कार्यक्रम आणि त्याच्या पोटात एकच एसक्यूलाईट फाईल, अशी मांडणी सुरू केली. डेटाबेससाठी एक रुपयाही लागला नाही, सर्व्हर बसवावा लागला नाही, आणि सोयाबीनचा सगळा हंगाम कोणतीही तक्रार न येता पार पडला.

तक्रार आली नाही याचे कारण कार्यक्रम बरोबर होता असे नसून सोयाबीनचा दर सतत चार अंकी होता, हे आहे. माझे टेबल ईएफ कोअरने, म्हणजे सी शार्पचा कार्यक्रम डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीने, तयार केले होते, आणि ईएफ कोअर डेसिमल (दशांश आकडा) प्रकारची किंमत एसक्यूलाईटमध्ये मजकूर म्हणून ठेवते, कारण एसक्यूलाईटकडे डेसिमल असा स्वतंत्र प्रकारच नाही. तिच्याकडे रिकामे मूल्य, पूर्णांक, तरंगता अपूर्णांक, मजकूर आणि बायनरी एवढेच पाच साठवण प्रकार आहेत. मजकुराची तुलना डावीकडून एकेक अक्षर पाहून होते. ४,३५० आणि ४,७०० यांची तुलना मजकूर म्हणून करा किंवा आकडा म्हणून करा, क्रम तोच लागतो. पण १०,१५० आणि ९,९०० समोरासमोर आले की पहिले अक्षर एक आणि नऊ असे असल्याने नऊवाले जिंकते. चार महिने ही चूक कार्यक्रमात बसून होती आणि पाचवा अंक येण्याची वाट पाहत होती. ज्यांच्या कार्यक्रमात रक्कम, दर, बिल क्रमांक असे काहीही मजकूर म्हणून साठवले जात असेल, त्यांनी आजच ९,९९९ आणि १०,००० अशा दोन नोंदी घालून उतरता क्रम लावून पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्या रात्री मला एसक्यूलाईटचा फार राग आला होता. टेबल करताना रकान्यापुढे डेसिमल लिहिले तर ती नकार देत नाही, पूर्णांकाच्या रकान्यात "दहा हजार" अशी अक्षरे भरली तरी ती मुकाट्याने ठेवून घेते, आणि हा दोष नसून लवचीकता आहे असे तिच्या अधिकृत माहितीत लिहिलेले आहे. ज्या डेटाबेसमध्ये लोकांचे पैसे नोंदवले जातात, तिथे अशी लवचीकता कशासाठी, हा प्रश्न मी तेव्हा चिडून विचारला होता. दोन दिवसांनी शांतपणे जुना कोड वाचला तेव्हा मत बदलावे लागले. मी वापरत असलेल्या आवृत्तीत डेसिमलवर क्रम लावायला गेल्यास ईएफ कोअर स्पष्ट नकार देत होते, आणि तो नकार टाळण्यासाठीच मी अहवालाची क्वेरी, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढणारी आज्ञा, हाताने लिहिली होती. सूचना मिळाली होती, ती मी अडथळा समजून बाजूला सारली. त्यामुळे आज मी अर्धा दोष साधनाला देतो आणि अर्धा स्वतःकडे घेतो.

दुरुस्ती करताना प्रथम क्वेरीमध्ये मजकुराचे आकड्यात रूपांतर केले, पण ते मलमपट्टीसारखे होते. खरा उपाय म्हणजे रक्कम रुपयांऐवजी पैशांत ठेवणे. आता दराचा रकाना पूर्णांक आहे आणि त्यात १०,१५० रुपयांऐवजी १०,१५,००० पैसे अशी नोंद असते. वजन पूर्ण किलोत असते. ३३५ किलो गुणिले १०,१५,००० भागिले शंभर (दर क्विंटलचा, म्हणजे शंभर किलोंचा, असल्याने), म्हणजे ३४,००,२५० पैसे. कुठेही अपूर्णांक येत नाही, त्यामुळे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येण्याचा तो सर्वपरिचित प्रकारही उद्भवत नाही. आकडा मावेल का, अशी शंका काही जण घेतात. वेब पानांत चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेतही पूर्णांक ९,००७,१९९,२५४,७४०,९९१ पर्यंत अचूक राहतो, आणि तेवढे पैसे म्हणजे सुमारे नव्वद लाख कोटी रुपये होतात. आडतीच्या दुकानाला ते पुरेसे आहेत.

याच्या जोडीला टेबल स्ट्रिक्ट केले. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ३.३७ आवृत्तीपासून ही सोय आहे. टेबलच्या व्याख्येच्या शेवटी तो एक शब्द लिहिला की पूर्णांकाच्या रकान्यात अक्षरे शिरत नाहीत आणि डेसिमल हा प्रकार लिहिल्यास टेबलच तयार होत नाही. माझी या साधनाविषयीची सर्वांत मोठी तक्रार या एका शब्दाने मिटली. तो शब्द आणि पूर्णांकाचा रकाना, दोन्ही मला दसऱ्याआधी सुचले असते तर त्या शेतकऱ्यांसमोर मुनीमजींना निरुत्तर व्हावे लागले नसते, याची खंत मात्र आहे.

दरम्यान दुसरी अडचण आली ती "डेटाबेस लॉक आहे" या संदेशाची. काट्यावरचा संगणक आणि गादीवरचा संगणक, दोन्ही शेअर केलेल्या फोल्डरमधील एकच फाईल उघडत होते. हे करू नये, असे एसक्यूलाईटच्या माहितीतच लिहिलेले आहे, कारण नेटवर्कवरील फाईलचे कुलूप भरवशाचे नसते. मी फाईल गादीवरच्या संगणकावरच ठेवली, २०१० पासून उपलब्ध असलेली वॉल पद्धत (नवे बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाईलमध्ये लिहिण्याची) चालू केली, आणि काट्यासाठी व दादांच्या मोबाईलसाठी एएसपी डॉट नेट कोअर या वेबसाठीच्या साधनात वेब पाने लिहिली. एका वेळी लिहिणारा एकच असला तरी इतरांचे वाचन अडत नाही. त्यानंतर तो संदेश एकदाही आलेला नाही.

पण वेब पाने आली आणि एक रुपयाचा फरक घेऊन आली. मार्चमध्ये दादा यार्डात उभे राहून मोबाईलवर पट्टी पाहत होते. वर सांगितलेल्या ३३५ किलो तुरीचीच पट्टी. मोबाईल ३४,००३ रुपये दाखवत होता आणि छापलेल्या पट्टीवर ३४,००२ रुपये होते. आमच्याकडे ढोबळ रक्कम आधी पूर्ण रुपयात घेतात आणि मग हमाली व तोलाई वजा करतात. रक्कम ३४,००२ रुपये ५० पैसे होती. ब्राउझरमधील जावास्क्रिप्टने पन्नास पैसे वर नेले. सी शार्पमधील मॅथ डॉट राउंड हे पूर्णांक करणारे फंक्शन मात्र, वेगळे काही सांगितले नाही तर, बरोबर मधला आकडा जवळच्या सम संख्येकडे नेते, म्हणून तिथे ३४,००२ झाले. एसक्यूलाईटचे स्वतःचे राउंड विचारले तर तेही ३४,००३ सांगते. एकाच दुकानात, एकाच नोंदीवर, तीन जागी पूर्णांक करणे चालले होते आणि त्यातील एक जागा वेगळ्या नियमाने चालत होती.

असे क्वचितच घडत असेल, असे कोणाला वाटेल. सौद्यातील दर बहुधा पन्नासच्या पटीत असतात आणि वजन पूर्ण किलोत असते, त्यामुळे आमची ढोबळ रक्कम एक तर पूर्ण रुपयात संपते किंवा बरोबर पन्नास पैशांत संपते. म्हणजे तो मधला आकडा आमच्याकडे अपवादाने न येता रोज येतो. सम संख्येकडे नेण्याची पद्धत मोठ्या बेरजांमध्ये समतोल राखते हे मान्य आहे, पण पट्टी ही बेरीज नसून एका माणसाचा हिशोब असतो, आणि पन्नास पैसे वर नेण्याच्या चालत आलेल्या रिवाजाशी तुलना केली तर या पद्धतीत रुपया कधी जास्त जात नाही, जातो तो कमीच. आता पैशांत पन्नास मिळवून शंभराने पूर्णांक भागाकार करणारे एकच फंक्शन सर्व्हरवर आहे. विनफॉर्म्स तेच बोलावते, आणि ब्राउझरला स्वतः हिशोब करण्याची परवानगी नाही, त्याने फक्त दाखवायचे.

मुनीमजी शेतकऱ्यांची नावे मराठीत लिहितात, त्यामुळे कधीकधी दरही १०१५० असा देवनागरी अंकांत येतो. सी शार्पमध्ये एखादे अक्षर अंक आहे का, हे तपासणारे फंक्शन देवनागरी अंकांनाही होकार देते, पण त्याच मजकुराचा पूर्णांक करायला गेल्यास चूक येते. आता तपासणीआधीच देवनागरी अंक बदलून घेतो. मुनीमजींना सवय बदलायला सांगण्यापेक्षा दहा अक्षरे बदलणे योग्य वाटले. क्रमवारीत मात्र उणीव कायम आहे : नावांच्या यादीत ळ हा ल नंतर लगेच येतो आणि क्ष हा क मध्ये मिसळतो. त्यासाठी स्वतःची तुलना लिहावी लागेल, ती अजून लिहिलेली नाही.

लाईट जाण्याचा अनुभव उत्तम आहे. उन्हाळ्यात भर दुपारी, इन्व्हर्टर संपलेला असताना, नोंद चालू असतानाच दोनदा संगणक बंद पडला. दोन्ही वेळा अर्धवट नोंद गेली, आधीची प्रत्येक नोंद शाबूत होती आणि तपासणीत "ओके" एवढेच उत्तर आले. पेनड्राइव्हवरील प्रतीबाबत मात्र सावध राहावे. वॉल पद्धतीत ताज्या नोंदी शेजारच्या वेगळ्या फाईलमध्ये असतात आणि त्या मूळ फाईलमध्ये, ठरावीक मर्यादेनुसार, साधारण चार एमबी जमल्यावर उतरतात. आमचा कार्यक्रम दिवसभर उघडा असतो. केवळ मूळ फाईल पेनड्राइव्हवर घेतली आणि घरी उघडली, तर दुपारनंतरची एकही पट्टी त्यात नव्हती. आता व्हॅक्यूम इंटू ही आज्ञा देऊन संपूर्ण प्रत काढतो आणि घरी उघडून शेवटची पट्टी पाहतो.

एवढे सोसूनही साधन बदलण्याचा विचार नाही. एका दुकानासाठी, एका संगणकावर, याहून स्वस्त आणि टणक काही मला सापडले नाही. वेगवेगळ्या गावांतील शाखा एकाच वेळी लिहिणार असतील, तर सरळ पोस्टग्रेएसक्यूएल हा सर्व्हरवर चालणारा डेटाबेस घ्यावा.

नवीन फंक्शन बसवल्यानंतर दसऱ्यापासूनच्या सर्व पट्ट्या पुन्हा मोजल्या. ११८ पट्ट्यांमध्ये एक एक रुपया कमी गेला होता. ही यादी मी दादांना दाखवली तेव्हा रक्कम लहान आहे, असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी यादी मुनीमजींकडे दिली आणि ज्याची पट्टी होईल त्याच्या पट्टीत "मागील फरक" अशी वेगळी ओळ घालायला सांगितली. आजपर्यंत ७३ पट्ट्यांवर ती ओळ छापली गेली आहे. उरलेले शेतकरी सोयाबीन घेऊन येतील तेव्हा त्यांच्याही पट्टीवर ती येईल, त्यासाठीचे टेबल स्ट्रिक्ट आहे आणि रकमेचा रकाना पैशांत आहे.