को शिंग स्ट्रीटवरचं औषधांचं दुकान आणि तिथली चायनीज वेलची: घ्या, पण अख्खीच घ्या

हाँगकाँगला राहणारे आपले बरेच लोक विचारतात की त्या लाकडी ड्रॉवरवाल्या चायनीज औषधांच्या दुकानात जावं का, मागायचं काय, फसवतात का वगैरे. सगळ्या दुकानाबद्दल लिहायला गेले तर संपणारच नाही म्हणून हा रिव्ह्यू मुख्यतः एकाच वस्तूचा, शारनचा. वेलचीच्याच कुळातलं फळ आहे, पण आपली चहातली हिरवी वेलची नव्हे. दुकानात शारन म्हटलं तर बघत बसतात, कँटनीजमधे 'सा यान' म्हणा, लगेच कळतं.

दुकान शंग वानमधे, को शिंग स्ट्रीटवर. ही अख्खी गल्लीच औषधी मुळ्या-साली-फळांच्या व्यापाऱ्यांची आहे आणि ट्रामने आलात तर वाटेत सुक्या मासळीची दुकानं लागतात, तो वास ज्यांना सोसत नाही त्यांनी नाक धरून पुढे यावं. आत भिंतभर छोटे छोटे ड्रॉवर, काउंटरवर पितळी खलबत्ता, आणि एक आजोबा हातात धरायच्या बारक्या काट्यावर वजन करत असतात. इंग्लिश जेमतेम. मी फोनवर चायनीज अक्षरं लिहून नेते, काम होतं. एक लक्षात ठेवा, वजन इथे लियांगमधे चालतं, हाँगकाँगचा एक लियांग म्हणजे साधारण 37.8 ग्रॅम, आणि त्याचा दहावा भाग म्हणजे एक छियान. मेनलँड चीनच्या डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन ग्रॅममधे असेल तर तसं आधीच सांगा नाहीतर जास्त वजन पुडीत जातं.

आता माल. मी मागितल्यावर आजोबांनी दोन बरण्या पुढे ठेवल्या आणि त्यांच्या भावात इतका फरक होता की मी परत विचारून घेतलं. महागातलं शारन ग्वांगडोंग प्रांतातल्या यांगचुनचं. तिथलं सगळ्यात भारी मानतात आणि महाग असायला कारणही आहे, या झाडाची फुलं अगदी जमिनीलगत येतात आणि त्यांची ठेवणच अशी की आपोआप परागीभवन नीट होत नाही, मग माणसं खाली बसून एकेक फूल हाताने परागीत करतात. स्वस्तातलं चीनच्याच युनान प्रांताकडचं, तिकडे स्थानिक मधमाश्या हे काम करतात त्यामुळे पीक भरपूर. याशिवाय हायनानची वेगळी जात आहे आणि म्यानमार, व्हिएतनामकडूनही माल येतो, तो बहुतेक यांगचुनच्या नावाने कुठे ना कुठे खपत असणार, हे माझं मत.

या दुकानाला मी मार्क देते ते इथे: आजोबांनी दोन्हीतलं एकेक फळ माझ्यासमोर फोडून दाखवलं. बाहेरून तपकिरी, अंगावर मऊसर बारीक काटे, आत पांढऱ्या पडद्यांनी तीन कप्पे आणि प्रत्येकात काळपट दाण्यांचा चिकटलेला गोळा. दाणा चावला की आधी कापूर, मग झणझणीत थंडावा, मागे थोडा कडवटपणा. यांगचुनच्यात हा वास जास्त गोल आणि गोडसर, युनानच्यात कापूर जरा पुढे. पण खरं सांगू, काढ्यात घातल्यावर मला तरी फरक कळला नाही, त्यामुळे मी आता युनानचंच घेते. पावडरचं सीलबंद पॅकेटही ठेवतात, ते घेऊ नका, सगळी करामत तेलाची आहे आणि दळलेल्यातून ते उडून जातं.

औषध म्हणून कशासाठी? इथे मार्च-एप्रिलमधे हवा इतकी दमट होते की भिंतींना पाणी सुटतं. चायनीज वैद्यकाच्या हिशोबाने अशा वेळी ओलावा प्लीहेला, म्हणजे त्यांच्या पचनाच्या मालकिणीला, दाबून टाकतो: पोट फुगलेलं, भूक नाही, अंग जड, जिभेवर पांढरा जाड थर. शारन तिखट आणि उष्ण, ते हा ओलावा मोडतं, अडकलेली हवा पुढे ढकलतं, मळमळ आणि जुलाब थांबवतं असं मानतात. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांना अगदी हेच सगळं झालं आणि इथल्या रजिस्टर्ड डॉक्टरीणबाईंनी श्यांग शा लिउ जुन झी तांग नावाचा काढा दिला, त्यात शारनबरोबर जिनसेंगसारखं मूळ, ज्येष्ठमध, सुकी संत्रसाल वगैरे असतं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, आपण जेवणानंतर वेलदोडा चघळतो तेच की हे, फक्त थाटामाटात." त्यांना बरं वाटलं, पण त्याच आठवड्यात तळलेलं खाणंही बंद केलं होतं, तेव्हा श्रेय कुणाला द्यायचं ते तुम्हीच ठरवा. माणसांवरच्या मोठ्या चाचण्या फारशा नाहीत हेही मनात असू द्या.

तक्रार एकच पण मोठी. शारन काढ्यात शेवटी घालायचं असतं, बाकीचं उकळून झालं की कुटलेलं शारन टाकून पाचेक मिनिटांत गॅस बंद, डोस 3 ते 6 ग्रॅम. पुडी बांधताना हे लोक शारनची वेगळी छोटी पुडी करून देतात, अगदी बरोबर. पण दुकानातच काढा उकळून प्लास्टिकच्या पाउचमधे भरून देण्याची सर्व्हिस घेतली तर त्या पाउचला शारनचा वासच नव्हता, सगळं एकत्र शिजवलेलं असणार. विचारलं तर आजोबा हसले आणि मुलाकडे बोट दाखवलं, मुलगा मोबाइलमधे. पाउचचे पैसे वाया, घरीच उकळा.

बाजूच्या ड्रॉवरमधे पांढरी गोल वेलची दिसेल, बाय तौ खौ, ती वेगळी. थायलंड-कंबोडियाकडून आणि जावाहून येते, टरफल पातळ, आपल्या वेलचीच्या जास्त जवळची. चीनच्या छिंग राजवटीतल्या वू जूतोंग या वैद्याच्या प्रसिद्ध सान रन तांग काढ्यात तीच असते, शारन नाही. चहात ही चालते, शारन मात्र चहात घालू नका, बाम लावून चहा प्यायल्यासारखं लागतं. आणि मोठी, सुरकुतलेली, धुरकट वासाची छाओ ग्वो मिळाली तर जरूर घ्या, मसाला वेलची संपली की मटणाच्या रश्श्यात मी तीच टाकते, कुणाला पत्ता लागत नाही. कँटनीज लोक शारन वाफवलेल्या माशावर घालतात, पापलेटवर करून बघितलं, मस्त लागतं, आलं मात्र हात राखून.

ज्यांना तोंड कोरडं पडणं, जीभ लाल, अंगात कडकी असं असतं त्यांना हे उष्ण पडतं, डॉक्टर देतच नाहीत. गरोदरपणातल्या उलट्यांवरही शारन परंपरेने देतात पण म्हणून आपल्या मनाने दुकानातून आणून घेऊ नका, आधी आपल्या गायनॅकला विचारा.

बाकी कार्ड चालत नाही, कॅश न्या, आणि चायनीज न्यू इयरच्या आसपास शटर बंद असतं. पाचपैकी चार स्टार, एक त्या पाउचचा कापला.