३८ हजारांचा पांढरा ठिपका

तंबाखूच्या जुन्या पाइपच्या जाहिरातीत लिहिलं होतं: डनहिल (लंडनची नामांकित कंपनी), शेल ब्रायर, १९६२, चांदीची कडी, ‘क्वचितच ओढलेला’. फोटो तीन, तिन्ही डाव्या बाजूने काढलेले. घेणारा पुण्याचा, संग्रहाला नुकतीच सुरुवात केलेला. ३८ हजार रुपये यूपीआयने आधीच गेले. पार्सल आलं, पण त्यानंतर विकणाऱ्याचा फोन कायमचा बंद. तो पाइप तपासायला टेबलावर घेतला, तर डनहिलचा म्हणावा असा एकही भाग त्यात निघाला नाही.

आधी स्टेमवरचा, म्हणजे तोंडात धरायच्या नळीवरचा पांढरा ठिपका. ती डनहिलची ओळखखूण, आणि माणूस भुलतो तो तिलाच. आल्फ्रेड डनहिलने १९०७ साली लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचं दुकान काढलं. पुढे सरळ पाइपच्या स्टेमची वरची बाजू कोणती ते चटकन कळावं म्हणून त्यावर पांढरा ठिपका बसवायला सुरुवात झाली. निव्वळ सोयीची खूण ती! आज नकली करायला तीच सगळ्यांत स्वस्त पडते: दोनेक मिलिमीटरचं भोक, पांढऱ्या अॅक्रिलिकच्या काडीचा तुकडा, थेंबभर गोंद आणि वरून पॉलिश. या पाइपवर दहापट भिंगाखाली ठिपक्याभोवती गोंदाचं पिवळट कडं स्पष्ट दिसत होतं.

खरी कुंडली असते तंबाखूची वाटी आणि स्टेम यांच्यामधल्या लाकडी दांडीच्या खालच्या बाजूला. शेल म्हणजे वाळूचा मारा करून खडबडीत केलेला, ब्रायर लाकडाचा पाइप, त्यामुळे शिक्के मारायला दांडीखाली एक पट्टा गुळगुळीत ठेवलेला असतो. ‘मेड इन इंग्लंड’च्या शेवटी जो छोटा आकडा असतो, तो वर्षाचा. साठच्या दशकापासून त्यात १९६० मिळवायचे: २ म्हणजे १९६२, ११ म्हणजे १९७१. (१९५२चाही आकडा २च, तेव्हा एकट्या आकड्यावर जाऊ नये.) इथे २ होता, पण शेजारी आकाराचा क्रमांक ४१०३. हा चार आकडी क्रमांक आला सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात. त्यातला पहिला आकडा मापाचा, दुसरा स्टेमच्या घडणीचा. १९६२च्या शेलवर माप वर्तुळातल्या आकड्याने दाखवलेलं असतं आणि सोबत शेलचा एस. ते दोन्ही इथे नव्हते. नक्कल करणाऱ्याने दोन काळांतले शिक्के एकाच दांडीवर आणून बसवले होते.

शिक्का कसा उमटलाय तेही बघा. धातूचा ठसा लाकडात दाबला की अक्षराच्या कडा किंचित आत वळतात आणि खोली सगळीकडे सारखी राहत नाही. लेझरने कोरलेल्या अक्षराचा तळ सपाट आणि करपट तपकिरी दिसतो. इथे तो तसाच होता. मात्र नुसता पुसट शिक्का म्हणजे नकली, असं समजू नका. चाकावर जास्त पॉलिश केलेल्या कित्येक अस्सल पाइपांचे शिक्के असेच गेलेले असतात.

स्टेम काळंभोर, आरशासारखं. त्या काळातलं स्टेम व्हल्कनाइटचं, म्हणजे गंधक घातलेल्या कडक रबराचं. उजेडात राहिलं की ते हिरवट-तपकिरी पडतं. साफ करून कोणी चकाकी आणलीच, तर स्टेमच्या दांडीत शिरणाऱ्या खुंटीच्या टोकावर बारीक पॉलिश पेपर दोनदा फिरवा, गंधकाचा वास येतो. इथे वास आला प्लास्टिकचा.

खरा डाव होता वाटीत. आतला काळा थर जवळपास ३ मिलिमीटर जाड! क्वचित ओढलेल्या पाइपला एवढा केक, म्हणजे जळक्या तंबाखूचा थर, येईलच कसा? नीट राखलेल्या पाइपमध्ये तो मिलिमीटरभर असतो. शिवाय हा थर काचेसारखा कडक, तंबाखूचा वास नाही, आणि बोथट सुरीने खरवडल्यावर भुकटी होण्याऐवजी खपल्या निघाल्या. राख आणि सोडियम सिलिकेट कालवून केलेलं हे लिंपण. त्याखाली तळाजवळ लाकूड जळून मऊ झालेलं, टूथपिक सहज रुतली. बाहेरून काहीच कळलं नाही, कारण शेलचा काळा रंग असले डाग पोटात घेतो. अशा पाइपमध्ये तंबाखू पेटवली तर काही दिवसांत वाटी आरपार जाते.

चांदीची कडी सरकवली आणि खाली दांडीला उभी चीर. कडीवर फक्त ९२५ हा शुद्धतेचा आकडा. त्या काळी इंग्लंडमध्ये तपासलेल्या चांदीवर चालणारा सिंह, शहराची खूण (बर्मिंगहॅमचा नांगर) आणि वर्षाचं अक्षर असतं. अशीच गफलत डब्लिनच्या पीटरसन पाइपांबाबत होते. त्यांच्या निकेलच्या कडीवर तीन पानांचं शॅमरॉक, कुत्रा आणि बुरूज अशा खुणा असतात. कंपनीने तिथे काही लपवलेलं नाही, पण विकणारे त्या खुणा चांदीच्या शिक्क्यांच्या नावाखाली खपवतात.

म्हणून पैसे देण्याआधी एवढे फोटो मागा: दांडीच्या दोन्ही बाजू, तिची खालची बाजू तिरप्या उजेडात, स्टेम काढून खुंटी आणि भोक, टॉर्च मारून वाटीचा तळ, कडीखालची दांडी. प्रत्येक फोटोत कागदावर तुमचं नाव आणि तारीख हवी. स्टेम पाइप पूर्ण थंड असतानाच, हलकं पिळत काढायचं. गरम दांडीतून ओढलं की खुंटी मोडते, आणि मग विकणाऱ्याला कारण मिळतं. फोटो पाठवायला टाळाटाळ झाली की व्यवहार तिथेच सोडा. कडी निघत नाही म्हणाला, तर चीर आहे असं धरूनच भाव करा.

पैसे गेलेच, तर त्याच तासात १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आली तरच काही हाती लागतं. जाहिरात, गप्पा आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक यांचे स्क्रीनशॉट आधी काढा, जाहिरात संध्याकाळपर्यंत उडालेली असते. पार्सल फोडतानाचा व्हिडिओ सलग हवा, मध्ये तोडलेला नको. इथे तो काढलेला नव्हता आणि तक्रार गेली नवव्या दिवशी. वाटी जळकी, दांडीला चीर गेलेली, तेव्हा दुरुस्तीलाही अर्थ नाही. सुटं ठेवावं असं त्यातलं काही असेल तर ती कडी. चांदी खरी आहे की नाही, ते सराफ सांगेल.