सूर्य पाहायचा तर फिल्टर की पांढरा कागद?

दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर बसवायची सोलर फिल्म, म्हणजे पातळ पडद्यासारखा फिल्टर, सूर्यप्रकाशाचा साधारण १,००,००० वा भागच आत सोडते. त्यामुळे सौरडाग, त्यांच्या भोवतीची फिकट किनार, सगळं डोळ्याने नीट दिसतं. मात्र मुंबईच्या दमट हवेत ठेवलेली फिल्म प्रत्येक वेळी उजेडासमोर धरून तपासा. सुईएवढं छिद्र दिसलं तरी ती वापरू नका. समुद्रावरचा वारा ती उडवू शकतो, म्हणून कडेने चिकटपट्टी हवीच. आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, बसवायचे जुने काळे फिल्टर मात्र कचऱ्यातच टाका. उष्णतेने ते तडकतात आणि डोळा कायमचा जातो.

दुसरा मार्ग म्हणजे आयपीसमागे कागद धरून प्रतिमा पाडणे. गच्चीवर सोसायटीची दहा मुलं जमली की हाच मला जास्त आवडतो: सगळ्यांना एकदम दिसतं, डागांची जागा पेन्सिलीने टिपता येते. पण इथे दुर्बीण उघडी, म्हणजे फिल्टरशिवाय असते. एखादं मूल आयपीसला डोळा लावेल, ही भीती मला सतत असते. म्हणून मी तिथून हलत नाही. छोटी भिंगाची दुर्बीणच वापरा, आणि आयपीस प्लास्टिकचं नको, ते वितळतं.

फाइंडरला, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीला, झाकण दोन्ही वेळी.

एकट्याने बारकावे पाहायचे असतील तर फिल्मच घ्या, आणि सकाळीच. दुपारी स्लॅब तापला की प्रतिमा थरथरते.